महाराजांची काठी आणि सहाशे चाळीस काड्या

करंजवेळ हे साळ्यांचे गाव. तुकाईच्या टेकडीखाली एकच लांब आळी आणि घरागणिक माग. त्या आळीच्या टोकाला, चिंचेच्या झाडाखाली, चिंधीनाथ महाराज सात वर्षे राहिले. मागावरून उरलेल्या चिंध्या जोडून केलेली कफनी ते घालीत, म्हणून हे नाव. मूळ नाव कोणी विचारले नाही, त्यांनी सांगितले नाही. उजवा पाय अधू असल्यामुळे त्यांच्या हातात सदैव बांबूची एक काठी असे. ही हकीकत त्या काठीची आहे.

झाडासमोर ठकूबाईचे घर. तिचा नवरा फण्या बांधीत असे. मागावर ताण्याचे धागे जिच्या दातांतून जातात आणि बाण्याचा धागा जी ठोकून बसवते, ती फणी. बांबूच्या चार बोटे लांब, गवताच्या पातीइतक्या पातळ काड्या शेजारी शेजारी लावायच्या आणि मेण लावलेल्या दोऱ्याने बांधायच्या. एक काडी जाड निघाली तरी सबंध कापडात रेघ उमटते. नवरा गेल्यावर ठकूबाईने त्याची सुरी हातात घेतली. निम्मी आळी तिच्या फण्यांवर विणत होती आणि तोंडाने म्हणत होती, "हे काय बायकांचं काम आहे?" रोज सकाळी पहिली काडी तासून झाली की ठकूबाई दारातूनच महाराजांना हात जोडी. मागणे काही नसे. दोन हात अजून चालतात, एवढ्याबद्दलचा तो नमस्कार.

चैत्र पौर्णिमेला तुकाईला नवा शेला चढतो. तो नव्या फणीवर विणायचा, फणी ठकूबाईच्या घरची आणि तिचा बांबू आळीच्या म्होरक्याने द्यायचा, असा रिवाज. म्होरक्या होता धर्माजी शेटे. त्याच्या घरी चार माग, आणि बोलणे आठ मागांचे! बांबू नेहमी अंधाऱ्या पंधरवड्यात तोडतात. त्या वर्षी शेट्याला परगावी जायची घाई होती. त्याने पौष पौर्णिमेच्या दोन दिवस आधीच बांबू तोडवला आणि ठकूबाईच्या अंगणात टाकला.

ठकूबाईने एक पेर हुंगून पाहिले. "दादा, चांदण्यातला बांबू हा. गोड असतो. याला कीड लागंल."

"बांबूला तिथी कोण सांगतं गं? पंचांग वाचतो होय तो?" धर्माजी हसला. "जमत नसंल तर तसं सांग. देवीचा मान काय तुझ्या चौकटीला खिळ्यानं ठोकलाय?"

तिने बांबू चुलीवर, धुरात टांगला.

रामनवमीच्या सकाळी रिवाजाप्रमाणे तो खाली काढला. काड्यांना एक दिवस, बांधणीला एक, विणकामाला चार. पौर्णिमेपर्यंत दिवस बरोबर सहा उरले होते. ठकूबाईने बांबू जमिनीवर टेकवला मात्र, आतून पिवळे पीठ भुरुभुरू गळले. शेजारी टांगलेली तिची स्वतःची बांबूंची जुडी पाहिली. कीड तिच्यातही शिरली होती. नवा बांबू तोडावा तर तो ओला. वाळताना आक्रसतो आणि दात सैल पडतात. ती उंबऱ्यावर बसली ती बसलीच.

बातमी आळीभर झाली. धर्माजी चार माणसे घेऊन आला आणि पिठात बोट फिरवून मोठ्याने म्हणाला, "बघा! देवीचा बांबू किडवला हिनं. बाईच्या हाती सुरी दिली की असंच व्हायचं. उद्या माणूस धाडतो शहराला. फणी तिकडून येईल आणि यापुढं दरसाल तिकडूनच येईल."

बांबू कोणत्या तिथीला तुटला ते चौघांनाही ठाऊक होते. चौघेही जमिनीकडे पाहत राहिले. सासऱ्यापासून चालत आलेला मान आपल्या हातून जातो आहे, हे ठकूबाईला कळत होते.

तेवढ्यात काठीचा टकटक आवाज आला. महाराज पायरीपाशी थांबले आणि त्यांनी काठी तिच्यापुढे धरली.

"घे माय. एकतीस वर्षं वाळलीय. धुनीचा धूर आणि माझा घाम, दोन्ही प्यायलीय. हिला कीड लागायची नाही."

"महाराज, मग तुम्ही चालणार कशानं?"

"ते मागून बघू. आधी देवीचं बघ."

धर्माजीने काठीवर नजर टाकली. "सात पेरांची काठी! तीनशे काड्या निघाल्या तरी डोक्यावरून पाणी. शेल्याला लागतात सहाशे चाळीस. बाकीच्या महाराज दाढीतून उपटून देणार का?"

सर्वांत आधी हसले ते महाराजच. "दाढी अजून वाळली नाही, शेटे. तू असं कर, इथं बस आणि मोज. माय, तू मोजू नकोस. मोजायला माणूस मिळालाय."

ठकूबाईने काठी कपाळाला लावली. मग पहिल्या पेरावर करवत ठेवली. आतला बांबू मधासारख्या रंगाचा, हाडासारखा टणक होता. ती चिरत गेली, तासत गेली. धर्माजी समोर मांडी घालून वीस-वीस काड्यांच्या जुड्या बांधत होता. दुपारी पंधरावी जुडी झाली.

"झाल्या तीनशे," तो म्हणाला. "आता किती राहिलंय?"

"दोन पेरं," ठकूबाई म्हणाली आणि सुरी चालवत राहिली.

विसाव्या जुडीला धर्माजीने ठकूबाईच्या पुढ्यातली चटई उचलून पाहिली, खाली काड्या दडवल्यात की काय. पंचविसाव्या जुडीनंतर तो प्रत्येक जुडी दोनदा मोजू लागला. काठी लांबत होती, असे पुढे काही लोक सांगू लागले. तसे कोणी पाहिलेले नाही. धर्माजीने जन्मभर सांगितले ते एवढेच: पेरे सातच होती, मोजणारा मीच होतो आणि ऊन उतरताना शेवटची काडी तासली गेली तेव्हा बत्तीस जुड्या पुऱ्या झाल्या. एक काडी कमी नाही, एक जास्त नाही. चटईवर उरल्या त्या फक्त काठीच्या गाठी!

ठकूबाईने आकडा ऐकला. इतका वेळ कोरडे असलेले तिचे डोळे तेव्हा भरून आले.

दशमीला फणी बांधून झाली आणि पौर्णिमेला शेला मागावरून उतरला. उन्हात धरून पाहिला; त्यात एक रेघ नव्हती. टेकडीवर निघायची वेळ झाली. महाराज झाडाच्या बुंध्याला धरून उभे होते. गर्दीतून धर्माजी पुढे आला आणि त्यांच्या पायांवर वाकला.

महाराजांनी पाय मागे घेतले. "आधी तिकडं."

धर्माजी वळला. सगळ्या आळीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला, "बांबू मी तोडवला, तिथी मी चुकवली आणि दोष हिच्या माथी मारला. ठकूबाई, मला पदरात घे." आणि त्याने तिच्यापुढे डोके टेकले.

"उठा दादा, हे काय!" ती गडबडून मागे सरली. "तुम्ही मोजायला होता, म्हणून लोकांनी खरं मानलं. माझ्या एकटीचं कोणी ऐकलं असतं?"

धर्माजी परत येऊन महाराजांपुढे वाकला. या वेळी महाराजांनी पाय हलवले नाहीत. त्यांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला, भार देऊन पाहिला आणि म्हणाले, "बरा आहे. चल, ऊठ."

त्या खांद्याच्या आधाराने महाराज टेकडी चढले. मागून शेल्याचे तबक घेऊन ठकूबाई होती. पुढे दर पौषात धर्माजी तिच्या दाराशी येऊन विचारी, "वहिनी, बांबू कधी तोडू?" काठीच्या गाठी ठकूबाईच्या देवघरात राहिल्या. आणि चिंधीनाथ महाराजांनी दुसरी काठी कधी घेतली नाही.