काठावरचे कोरडे रान

माळावरच्या एका गावात पाऊस पडायचा, पण पाणी टिकायचे नाही. ओढ्याने सगळे पाणी वाहून जायचे आणि हिवाळ्यातच विहिरी तळ गाठायच्या. शेवटी गावाने मिळून तळे बांधायचे ठरवले. पाणी साठेल अशी खोलगट जागा एकच होती, ठकूबाईचे शेत. ठकूबाई एकटी राहायची.

रंभाजी पाटील तिच्याकडे शेत मागायला गेला. ठकूबाई म्हणाली, "घ्या. काठावरची उंचवट्याची पट्टी उरतेच मला. पाणी इतकं जवळ असल्यावर कसली काळजी?"

सारे गाव खपले. पुढच्या पावसाळ्यात तळे काठोकाठ भरले. पाट काढले आणि उताराने पाणी खालच्या शेतांत खेळू लागले.

ठकूबाई पाटलाला म्हणाली, "रंभाजी, पाटाचं पाणी माझ्या पट्टीवर चढत नाही रे."

"बघतो मावशी. एवढी पेरणी उरकू दे."

पेरणी उरकली आणि पाटील विसरला.

त्या वर्षी कधी नव्हे तो गहू तरारला. आनंदाच्या भरात लोकांनी ठकूबाईचा सत्कार करायचे ठरवले. लुगडे, नारळ घेऊन, हलगी वाजवत सगळे तळ्यावर गेले.

तिथे पोचताच हलगी थांबली. भरल्या तळ्याच्या काठावर ठकूबाईचा हरभरा करपून काळा पडला होता. जमिनीला भेगा गेल्या होत्या. दारात ठकूबाई गाठोडे बांधत होती.

"मावशी, हे काय?" पाटलाने विचारले.

"परगावी मजुरीला निघाले. कळशीनं किती रान भिजवणार?"

खाली गावकऱ्यांची शेते हिरवीगार डोलत होती. कुणाला तिकडे पाहवेना. पाटलाने कसेबसे लुगडे पुढे केले.

ठकूबाईने ते घेतले नाही. म्हणाली, "लुगडं राहू दे, रंभाजी. मला पाण्याची पाळी दे."

पाटील तसाच खाली उतरला आणि त्याने पाटांत पाणी सोडायचे तळ्याचे दार बंद केले. "मावशीचं रान भिजेपर्यंत कुणाच्या पाटात पाणी सुटायचं नाही. माझ्याही नाही!"

दुसऱ्या दिवशी पट्टीवर पाणी चढवायला काठावर मोट बसली. गावाचे बैल आळीपाळीने ती ओढू लागले. करपलेला हरभरा काही उठला नाही, म्हणून ठकूबाईचे वर्षाचे धान्य गावाने भरले. गाठोडे मात्र तिने सोडले. तेव्हापासून त्या तळ्याची पहिली पाळी तिचीच असते.

तात्पर्य: ज्याच्या त्यागावर सगळ्यांचे भले झाले, त्याचा वाटा आधी त्याच्या पदरात घालावा. वाटा न देता केलेला सन्मान ही त्याची थट्टाच असते.