झाकणाऱ्याचं नाव

फार फार वर्षं झाली या गोष्टीला. तेव्हा राजे वेगळे होते, गावं वेगळी होती, पण माणसाची जीभ आत्ता आहे तशीच होती.

एका डोंगराखालच्या गावात एक म्हातारी राहायची. सगळे तिला खाला म्हणायचे. गावात कुणी बाई वारली की तिला शेवटची अंघोळ घालायचं काम खालाचं. बोरीचा पाला टाकून पाणी उकळायचं, मयताच्या अंगावर चादर ठेवून चादरीच्या आतूनच हात फिरवायचा, शेवटच्या पाण्यात कापूर घालायचा. पण सगळ्यांत मोठी रीत वेगळीच होती. पडद्याआड जे दिसलं, ते पडद्याआडच ठेवायचं. नवऱ्याला सांगायचं नाही, की उशीलाही सांगायचं नाही.

खालाचे हात थरथरायला लागले, तेव्हा तिनं शेजारच्या घरातल्या सुनेला हाताशी घेतलं. सून गुणी होती. पाच वेळची नमाज कधी चुकवायची नाही. दर नमाजीनंतर तसबीहची माळ घेऊन शंभर वेळा म्हणायची, "या सत्तार, या सत्तार." सत्तार म्हणजे झाकणारा. आपले ऐब, आपलं उणंदुणं जगाच्या नजरेपासून झाकून ठेवणारा अल्लाह. "माझं सगळं झाक रे मालका," असं म्हणताना तिच्या डोळ्यांत पाणी यायचं. खोटं नव्हतं ते.

एक दिवस रंगाऱ्याची बायको वारली. चार दिवसांच्या तापानं गेली बिचारी. तिच्या मुलीचं लग्न पुढच्याच महिन्यावर आलेलं. गावातल्या पिंजाऱ्याच्या मुलाशी मंगनी झालेली.

खालाला त्या दिवशी अंथरुणातून उठवेना. ती सुनेला म्हणाली, "आज तू एकटी घाल. हात हलका ठेव, आणि तोंड जड."

सुनेनं सगळं रीतीनं केलं. पण मयताला कुशीवर वळवताना चादर जराशी सरकली. रंगारणीच्या पाठीवर, खांद्यापासून कमरेपर्यंत, पांढरंफटक कोड! जन्मभर ती बाई लांब बाह्यांत वावरली होती. हात तर कायम निळीत बुडालेले. गावात कुणाला सुगावा नव्हता.

सुनेनं भराभर चादर वर ओढली. "या सत्तार," म्हणाली. कफन नीट घातलं. जनाजा गेला. इथवर सगळं ठीक होतं.

घरी येताना वाटेत शेजारीण भेटली. "काय गं, एवढी घाबरलीस कशानं?"

"काही नाही."

"मला नाही सांगणार? माझ्या तोंडाला कुलूप असतं, ठाऊक आहे ना तुला?"

सुनेला रडूच आलं. सांगितलं की छातीवरचं ओझं उतरेल, असं वाटलं तिला. सांगून टाकलं. वर म्हणालीही, "कुणाला बोलू नकोस हं, माझी शपथ."

त्या कुलपाला किती चाव्या होत्या, कुणास ठाऊक!

तिसऱ्या दिवशी रंगाऱ्याच्या घरी कुराण वाचायला माणसं बसली होती. तेवढ्यात पिंजाऱ्याकडून एक ताट आलं. ताटात मंगनीची ओढणी, अंगठी, आणि सोबत निरोप. "आईला कोड होतं म्हणे. आम्हाला ही मुलगी नको."

वाचणाऱ्यांचे आवाज थांबले. रंगारी भिंतीला टेकून रडायला लागला. मुलगी मात्र रडली नाही. ती ओढणीकडे बघत राहिली आणि म्हणाली, "अम्मीच्या पाठीला मीच तेल लावायची. मला कधी किळस आली नाही. अम्मी मातीत गेल्यावर गावाला किळस कशी काय आली?"

सून त्याच सतरंजीवर बसली होती. तिच्या हातातली तसबीह गळून पडली. ती उठली ती धावत खालाकडे गेली.

"खाला, मी घात केला त्या पोरीचा! दिवसाला पाचशे वेळा मी ते नाव घेते. मग असं कसं झालं माझ्या हातून?"

खाला कण्हत अंथरुणात उठून बसली. "पाचशे वेळा म्हणतेस, माझं झाक. त्या बाईचं झाकायची वेळ एकदाच आली होती. कोड कातडीला असतं पोरी, त्यात कसला ऐब? ऐब तुझ्या जिभेला आहे. धर माझा हात. चल."

सुनेचा हात धरून, धापा टाकत म्हातारी पिंजाऱ्याच्या अंगणात पोहोचली. पिंजारीण दारातच उभी होती. "खाला, तुम्ही कशाला त्रास घेतलात? खरं ते खरं. हिनं डोळ्यांनी बघितलंय."

"बघितलंय ना! मीही चाळीस वर्षं बघतेय. तीन पिढ्या या हातांखालून गेल्या. गावातलं एक घर सुटलं नाही."

पिंजारीण हळूच म्हणाली, "म्हणजे आमच्या सासूबाईसुद्धा..."

खाला अंगणातच खाली टेकली.

"आणि माझी आई? तिलाही तुम्हीच अंघोळ घातली होती." पिंजारणीचा चेहरा पार उतरला. "काय होतं खाला? सांगा ना, काय दिसलं होतं?"

"पाणी होतं बाई. वाहून गेलं. तुझ्या तीन नणंदा सुखानं नांदतात. त्यांचं ताट कुणी परत पाठवलं होतं का?"

पिंजलेला कापूस अंगणभर उडत होता. पिंजारणीनं अंगावरची ओढणी घट्ट लपेटून घेतली, जशी काही सगळं गाव तिच्याकडेच बघत होतं. दुपारी ती स्वतः रंगाऱ्याच्या घरी गेली. मुलीच्या पायांशी बसून माफी मागितली, आणि मुलीनं मान डोलवल्यावरच तिच्या डोक्यावर ओढणी घातली. लग्न ठरल्या दिवशी झालं.

सुनेला वाटलं, सुटले एकदाची. कुठलं सुटणं!

गावातल्या बायका एकेक करून घरच्यांना सांगून ठेवायला लागल्या, "मी गेले तर माझ्या अंगाला तिचा हात लागू देऊ नका." धडधाकट बायकाही सांगायच्या, पंचविशीतल्यासुद्धा.

वर्षाच्या आत, गावातल्याच माहेरी सुनेची स्वतःची आई आजारी पडली. आता उठायची नाही, हे सगळ्यांना दिसत होतं. आईची शेवटची अंघोळ लेकीच्या हातून व्हावी, याला भाग्य मानतात. सून उशाशी बसून म्हणाली, "अम्मी, तुला मीच घालेन हं."

आईनं तिच्या गालावरून हात फिरवला. मग मान हलवली.

"नको बेटी. तू नको. खालाला बोलाव."

आणि जिनं तिला जन्म दिला होता, त्या आईनं लेकीच्या भीतीनं चादर हनुवटीपर्यंत ओढून घेतली.

अल्लाहला सत्तार म्हणून हाक मारायची असेल, तर आधी दुसऱ्याचं झाकायला शिकावं.