गळा कोणाचा?

विषय : शेजारच्या बोक्याकडून पाळीव मांजरीस होणाऱ्या उपद्रवाबाबत.
संदर्भ : शिष्याने गुरूंकडे वेळोवेळी केलेली तोंडी तक्रार.

वरील विषयास अनुसरून नमूद करण्यात येते की, एकदा एका बाजारपेठेच्या गावी एक ज्ञानी वृद्ध राहत असे. त्याच्यापाशी एक शिष्य होता. शिष्य म्हणजे कोवळा बटू नव्हे. चाळिशी उलटलेला, केस विरळ झालेला, सर्वांभूती एकच आत्मा आहे हे सिद्ध करणारी पुष्कळ वचने पाठ असलेला गृहस्थ. संसार त्याने केला नव्हता. माया म्हणून जी काही शिल्लक होती ती सगळी एका मांजरीवर जडली होती. मांजर पांढरी, पिठाच्या डब्यात पडून उठल्यासारखी. म्हणून तिचे नाव पिठी.

गल्लीच्या तोंडाशी एका व्यापाऱ्याची पेढी होती आणि पेढीवर एक बोका होता. तांबडा, मानेला वळ्या पडलेला. गल्लीने त्याला दिवाणजी असे नाव ठेवले होते. कारण तो कोणाच्याही घरात न विचारता शिरे, हवे ते खाई आणि निघताना कोणाला तरी बोचकारून जाई. अलीकडे त्याने बाकीची घरे सोडून पिठीचेच अंगण धरले होते. तिचा दूधभात तो खाई, मग तिला कोपऱ्यात गाठून बडवी. एकदा तिचा कान फाटला. त्यानंतर ती अंगणात बसेनाशी झाली, पुढे जेवेनाशी झाली.

शिष्य शास्त्र शिकलेला होता, म्हणून त्याने क्रमाने उपाय केले. आधी साम : बोक्यासमोर बसून त्याला समजावले. बोक्याने जांभई दिली. मग दाम : त्याच्यासाठी वेगळी वाटी मांडली. बोक्याने दोन्ही वाट्या संपवल्या आणि खाल्ल्या अन्नाला जागून दुप्पट जोराने पिठीला झोडपले. मग दंड : शिष्याने काठी उगारली. बोका भिंतीवर चढला, शिष्य पाटाच्या पाण्यात घसरला. भेद करता येईना, कारण बोका एकटाच होता. फूट पडली असलीच तर ती गल्लीत होती, आणि ती बोक्याच्या सोयीची होती.

शेवटी शिष्य व्यापाऱ्याकडे गेला.

"शेटजी, तुमच्या बोक्यानं माझ्या मांजरीचा कान फाडला."

"अरेरे!" शेटजी कळवळले. "पण मला एक सांगा महाराज, तुमची मांजर त्या वेळी होती कुठं?"

"आमच्या अंगणात."

"अंगणात! म्हणजे बाहेरच की. घरात असती तर झालं असतं का असं काही? जनावराची जात, हो. तिनंही काहीतरी गुरगुर केली असेल. टाळी काय एका हातानं वाजते?" मग त्यांनी शिष्याला जवळ बसवले. "ते राहू द्या. यंदा चातुर्मासात आमच्या ओसरीवर प्रवचनं तुम्हीच करायची. गुरुजींचं आता वय झालं. विषय भूतदया. कसा वाटतो?"

शिष्य तक्रार घेऊन गेला होता, विषय घेऊन परत आला.

गल्लीत विचारावे तर कोणालाच काही ठाऊक नव्हते. ज्यांची खिडकी थेट अंगणात उघडत होती त्या काकू म्हणाल्या, "मला बाई काही ऐकू आलं नाही. मी भांडी घासत होते." त्यांचा मुलगा पेढीवर नोकरीस होता. पलीकडचे वैद्य म्हणाले, "दुपारी मी झोपतो. झोपलेल्या माणसाची साक्ष काय कामाची?" वैद्यांचे दुकान शेटजींच्याच जागेत होते.

तरीही लोकांना वाईट वाटत होते, हे मान्य केले पाहिजे. वाईट वाटल्याचा पुरावा म्हणून मारुतीच्या पारावर सभा भरली. वैद्यांनी सुचवले की बोक्याच्या गळ्यात घंटा बांधावी, म्हणजे तो येताच मांजरीला कळेल आणि ती पळेल. सूचना सर्वांना पसंत पडली. बांधणार कोण, असे शिष्याने विचारताच काकूंना घरी दूध उतू जात असल्याचे आठवले. ठराव एकमताने मंजूर होऊन सभा विसर्जित झाली.

वृद्ध पाराच्या कडेला बसून सगळे ऐकत होता. दुसऱ्या दिवशी त्याने वासराच्या गळ्यातली लहानशी पितळी घंटा आणली आणि पिठीला मांडीवर घेऊन तिच्याच गळ्यात बांधली.

शिष्य थक्क झाला. "गुरुजी, हे काय केलंत? घंटा त्या बोक्याला बांधायची होती!"

"घंटा बांधायची एवढंच ठरलं. गळा कोणाचा ते ठरायचं राहिलं होतं."

"पण आता त्याला हिला शोधायचेही कष्ट नकोत. ही हलली की त्याला कळणार."

"सगळ्यांनाच कळणार," वृद्ध म्हणाला. "राहू दे थोडे दिवस."

गुरूचे वचन म्हणून शिष्याने घंटा राहू दिली. मनातून मात्र त्याला वाटले, म्हाताऱ्याची बुद्धी चळली.

प्रवचनाचा पहिला दिवस उजाडला. शेटजींच्या ओसरीवर दुपारी सारी गल्ली जमली; वृद्ध तेवढा मारुतीच्या पारावरच बसून राहिला. शिष्याच्या गळ्यात शेवंतीचा हार पडला. आयुष्यात प्रथमच तो उंच आसनावर बसला होता, आणि त्याला ते आसन मानवत होते. तो सांगत होता, की दुसऱ्याची वेदना ज्याला स्वतःच्या कानांनी ऐकू येते, त्याने सगळी तीर्थे केली.

आणि घंटा वाजली.

चालताना वाजते तशी नव्हे. एखादी वस्तू पकडून आपटावी तशी, थांबत, पुन्हा घाईने. ती कुठे वाजते आहे आणि का, हे ओसरीवरच्या प्रत्येकाला ठाऊक होते. काकूंनी पदर सारखा केला. वैद्यांनी चष्मा काढून पुसायला घेतला. शेटजी प्रसन्नपणे म्हणाले, "चालू द्या महाराज, रंगात आलंय."

शिष्याची जीभ अडखळली. त्याचा एक गुडघा आसनावरून उचललासुद्धा गेला. समोर माणसे होती, ती त्याच्याकडे पाहत होती, आणि संपूर्ण चातुर्मास पुढे होता. त्याने गुडघा पुन्हा मुडपून घेतला आणि आवाज चढवला. श्रोत्यांना वाटले, रस चढला. घंटा आणखी थोडा वेळ वाजली आणि बंद पडली. ती थांबली तेव्हा सर्वांनाच हायसे वाटले.

प्रसाद वाटून होताच शिष्य धावत घरी आला. अंगणात वृद्ध मातीत बसला होता. त्याचे धोतर गुडघ्यावर फाटले होते, मनगटावर ओरखडे होते. मांडीवर पिठी होती. तिचा एक डोळा गेला होता. वृद्ध हळदीचा लेप कालवत होता. घंटा त्याने सोडून बाजूला टाकली होती.

"तुमच्यामुळे झालं हे," शिष्य ओरडला. "तुमच्या त्या घंटेमुळे!"

"माझ्यामुळेही झालं," वृद्ध म्हणाला. "मी पडलो नसतो तर वेळेवर पोचलो असतो. मला वाटलं होतं, माझ्या आधी कोणीतरी पोचेल."

मग बोटाने लेप लावत तो सावकाश बोलू लागला.

"इतके दिवस सगळे सांगत होते, ऐकू आलं नाही. मला त्यावर विश्वास ठेवायचा होता. ऐकू येत नसेल, तर घंटेनं काम भागेल. बोक्याच्या गळ्यात ती बांधायला धैर्य लागतं. ते सगळ्यांपाशी नसतं, त्याचा राग मी धरत नाही. पण दुबळ्याच्या गळ्यातली ऐकून उठायला नुसते पाय लागतात. आज कळलं, की गल्लीचे कान शाबूत आहेत. हे मला न कळतं तर बरं झालं असतं. माझ्या या शहाणपणाची किंमत हिनं भरली, आणि हिला कोणी विचारलंही नव्हतं." त्याने मान वर केली. "तुला ऐकू आली होती का रे?"

शिष्याच्या गळ्यात अजून शेवंतीचा हार होता. तो म्हणाला, "आली."

"कधी?"

"पहिल्यांदा वाजली तेव्हाच."

वृद्धाने पिठीला उचलून शिष्याच्या हातात दिले. ती त्याच्या हातातून उतरली आणि घरात जाऊन धान्याच्या कणग्यांमागे बसली.

अशा रीतीने शिष्यास बोध झाला. शेटजींकडे जाऊन चार माणसांत स्पष्ट बोलावे, असे त्याने मनाशी निश्चित केले. मात्र चातुर्मास चालू असल्याने मध्येच विषय काढणे त्यास प्रशस्त वाटले नाही. प्रवचने नियमित होत असून उपस्थिती समाधानकारक आहे. बोका पूर्ववत येतो. दुपारच्या वेळी वृद्ध काठी घेऊन अंगणात एकटा बसलेला आढळतो. सदर बोधाची अंमलबजावणी प्रलंबित आहे.