डावं पेडल

जुन्या सायकलींच्या मेळाव्यात कारखानदार रणधीरबाबा छाती फुगवून म्हणाले, "ही सत्तर वर्षांची सायकल मी स्वतःच्या हातांनी उभी केली!"

खरं तर ती निवृत्त कंपाउंडर शामराव कुडच्यांनी वर्षभर खपून बांधून दिली होती. परीक्षक बाबांना पदक घालणार, तोच शामरावांनी पाना पुढे केला. "बाबा, डावं पेडल तेवढं काढून दाखवा."

बाबांनी घाम गाळला, पण पेडल हलेना. "गंजलंय हे!"

"गंजलं नाही, तुम्ही आवळताय. डाव्या पेडलचे आटे उलटे असतात. बांधणाऱ्याला ते ठाऊक असतं, मिरवणाऱ्याला नसतं."

शामरावांनी पाना उलटा फिरवून पेडल काढलं.

परीक्षकांनी पदक शामरावांच्याच गळ्यात घालताच त्यांना सायकलचं काम शिकवणारे हुसेन वस्ताद आठवले. पहिल्याच दिवशी हीच चूक केली म्हणून त्यांनी पाठीत धपाटा घातला होता. शामरावांनी हात जोडले, "वस्ताद, धपाटा फळाला आला!"