दिव्याची शपथ

एका बंदरात एक दिवा होता. खडकावरच्या बुरुजात तो रात्रभर जळायचा आणि गलबतांना वाट दाखवायचा. इनास आणि याकूब असे दोघे जण तो सांभाळत. इनास दिवसा तेलवात करायचा, दिवेलागणीला याकूब यायचा. तेलाची झारी दुसऱ्याच्या हातात दिल्याशिवाय पहिल्याने बुरुज सोडायचा नाही, असा तिथला रिवाज होता.

एका संध्याकाळी दिवा लागलाच नाही. एक गलबत खडकावर फुटलं, तांडेल आणि त्याचे खलाशी बुडाले.

राजाने दोघांना दरबारात उभं केलं. इनासने बायबलवर हात ठेवून सांगितलं, "झारी मी याकूबच्या हातात दिली आणि मगच उतरलो." याकूबने कुराणाची शपथ घेतली, "मी वेळेवर आलो होतो. इनास आधीच निघून गेला होता आणि झारी कुठेच सापडली नाही."

राजा पडला तापट. साक्षी तपासायला त्याला कुठला धीर! त्याने हुकूम सोडला, "काझी आणि पाद्री यांना बोलवा. ज्याचा ग्रंथ मोठा, त्याची शपथ खरी. दुसऱ्याचा कडेलोट."

आता खरं काय ते आपण ऐकून ठेवू. इनासच्या भाचीचं लग्न होतं. लग्नाआधी विहिरीवरून उंबराचं पाणी आणायच्या विधीला वाजंत्री निघाली, तसा हा गडी झारी कोनाड्यात ठेवून सटकला. आणि याकूब? तो घरी आलेल्या पाहुण्यांना होडीवर बसवून देण्यात रमला आणि फार उशिरा, गलबत फुटल्यावर आला. दोघेही खोटं बोलले होते. पण इनासला याकूबचं खोटं ठाऊक नव्हतं. त्याला फक्त स्वतःचं ठाऊक होतं आणि कड्याखालचे खडक दिसत होते. आपला ग्रंथ जिंकू दे, एवढंच तो मनात घोकत होता.

काझी पुढे झाले. "महाराज, आमचं कुराण कुणा माणसाने रचलेलं नाही. अल्लाने अरबीत जसं उतरवलं, तसंच आहे. दुसऱ्या भाषेत केलं तर तो अर्थ झाला, कुराण नव्हे. त्याची शपथ घेणारा देवाच्या बोलण्याला साक्ष ठेवतो."

याकूबने मान खाली घातली. इनासला वाटलं, संपलं, आपण गेलो.

मग पाद्री बोलले. "आमची गोष्ट निराळी आहे, महाराज. आमच्यासाठी देवाचा शब्द म्हणजे खुद्द येशू. बायबल माणसांनी लिहिलं, पण देवाच्या प्रेरणेने. येशूला पाहिलेल्यांनी जे सांगितलं, ते त्यात आहे. म्हणून कुठल्याही भाषेत वाचलं तरी आम्हाला तेच. आमचा सगळा विश्वास साक्षीवर उभा आहे. ज्यांनी साक्ष दिली त्यांनी मार खाल्ला, जीव दिला, पण खोटं बोलले नाहीत. साक्षीदार खोटा असता, तर आमच्यापाशी काय उरलं असतं?"

राजाला ते पटलेलं दिसलं. खरं तर इनासला हायसं वाटायला हवं होतं. पण झालं उलटंच. पाद्री ग्रंथाला एकेक पायरी वर चढवत होते आणि तेवढी त्याची स्वतःची शपथ त्याच्या छातीवर चढून बसत होती. कड्याची भीती होतीच, पण आता ही दुसरी भीती तिच्याहून थोरली झाली.

पाद्रींनी मोठ्या मायेने ग्रंथ त्याच्यापुढे धरला. "इनास, हात ठेव बाबा, आणि महाराजांना परत एकदा सांग."

इनासचा हात उचलेना.

"फादर, तो माझ्यापुढून घ्या," तो म्हणाला. "मी झारी दिली नाही. मी लग्नाला पळालो."

दरबारात कुजबुज सुरू झाली. राजा याकूबकडे वळला. "म्हणजे तुझा ग्रंथ मोठा. जा, तू सुटलास."

याकूब जागचा हलला नाही. "नाही महाराज. मीही वेळेवर आलो नव्हतो. काझीसाहेब बोलत होते तेव्हाच सांगायला हवं होतं. जीव भ्याला."

आपण कसला न्याय करायला बसलो होतो, हे राजाला स्वतःलाच कळलं असावं.

"कडेलोट खोट्या शपथेला होता," शेवटी तो म्हणाला. "ती तुम्ही मागे घेतलीत. पण माणसं बुडाली आहेत. प्रत्येक घरी जा आणि तुमच्या तोंडाने खरं सांगा. हातात ग्रंथ नेऊ नका. त्याच्याआड लपून झालं आहे."

दोघे निघाले. पहिलं घर तांडेलाचं होतं. इनासने कडी वाजवली आणि तांडेलाच्या बायकोने दार उघडलं. पळून जावं असं त्याला वाटलं. पण त्याने तिच्या डोळ्यांत पाहिलं आणि बोलायला सुरुवात केली.

तात्पर्य: ग्रंथ थोर असला म्हणून आपलं खोटं खरं होत नाही. ग्रंथ जेवढा थोर मानावा, तेवढी त्याच्यापुढे खरं बोलण्याची आपली जबाबदारी मोठी.