बासनांच्या झोळ्या

फार पूर्वी, पोथ्या हातानं लिहिल्या जायच्या त्या काळात, एका डोंगराळ राज्यात एक पाठशाळा होती. तिला लागून ग्रंथघर होतं आणि ते सांभाळायला एक म्हातारे ग्रंथपाल होते. पोथ्यांवर त्यांचा भारी जीव. प्रत्येक पोथी ते लाल कापडाच्या बासनात गुंडाळत आणि वर अशी गच्च गाठ मारत, की सोडवणाऱ्याची नखं दुखावीत.

वर्षातून एकदा, दसऱ्याला, बासनं बाहेर निघत. मुलं त्यांवर फुलं वाहत, नमस्कार करत आणि बासनं पुन्हा कपाटात जात. "आमच्या एकाही पानाला डाग नाही," असं ग्रंथपाल येणाऱ्या-जाणाऱ्याला अभिमानानं सांगत. डाग पडणार तरी कसा? पान उघडलंच नव्हतं कुणी!

एका दसऱ्याला राणी पाठशाळा पाहायला आली. मुलांनी बाराखडी अशी घडाघडा म्हटली, की गुरुजींची मान ताठ झाली. मग राणीनं स्वतःजवळची एक पोथी पुढे केली. "यातली एक ओळ वाचा बरं."

मुलं एकमेकांच्या तोंडाकडे पाहू लागली. धूळपाटीवर गिरवलेलं एकेक अक्षर त्यांना ओळखता येत होतं. पण अक्षरं शेजारी-शेजारी बसून काही सांगतात, हे त्यांना ठाऊकच नव्हतं.

"पुढच्या दसऱ्याला पुन्हा येईन," राणी म्हणाली. "तेव्हाही हीच गत असेल, तर पाठशाळा बंद."

गुरुजींनी दुसऱ्या दिवसापासून तीच बाराखडी दुप्पट जोरात म्हणून घ्यायला सुरुवात केली.

एका दुपारी कुंभाराची धाकटी लेक ग्रंथघराच्या दारात येऊन उभी राहिली. "आजोबा, त्या लाल कापडात काय बांधलंय हो?"

"पोथ्या. दसऱ्याला फुलं वाहिलीस ना तू?"

"त्या पोथ्या होत्या? मला वाटलं, आत देव आहे!"

ग्रंथपाल हसायला गेले, पण हसू आलं नाही. इतकी वर्षं आपण राखण केली ती कुणासाठी? त्यांना स्वतःचीच लाज वाटली. त्यांनी तिथल्या तिथे एक गाठ सोडली. आत झाडाखाली उभ्या असलेल्या अस्वलाचं चित्र होतं. मुलीनं मातीनं माखलेलं बोट थेट अस्वलाच्या नाकावर टेकवलं. ग्रंथपालांच्या काळजात चर्र झालं.

"अस्वल काय म्हणतंय, आजोबा?"

"खाली लिहिलंय. बघ."

बोट खाली सरकलं, अडखळलं, पुन्हा मागे गेलं. "म... ध... मध! आजोबा, त्याला मध हवाय!"

त्या दिवशी ग्रंथपालांनी साऱ्या गाठी सोडल्या. "पोथ्यांची पार वाट लागेल," गुरुजी कुरकुरले. ग्रंथपालांनी ऐकून न ऐकल्यासारखं केलं. बासनांची कापडं बेतून त्यांनी झोळ्या शिवल्या आणि प्रत्येक मुलाला एक दिली. पोथ्या घरोघर जाऊ लागल्या. चुलीपाशी, गोठ्यात, आजारी आजीच्या उशाशी मुलं त्या वाचू लागली. पोथ्या परत येत त्या आमटीचे डाग घेऊन. ग्रंथपाल पुटपुटत फाटके कोपरे खळीनं चिकटवत आणि पोथी पुढच्या झोळीत घालत.

दसरा उजाडला. राणीनं एक पोथी उघडली आणि तिच्या कपाळाला आठ्या पडल्या. "ही काय दशा!"

"मुलांनी वाचली, महाराणी," ग्रंथपाल म्हणाले.

राणीनं गेल्या वर्षीचीच आपली पोथी पुढे केली. कुंभाराची लेक मांडी घालून बसली आणि ओळीखाली बोट धरून वाचू लागली. अडखळत, पण न थांबता. ओळ संपली, पान संपलं. सारी मुलं तिच्याभोवती गोळा झाली.

"पुरे, बाळ," राणी म्हणाली आणि पोथी घ्यायला हात पुढे केला.

मुलीनं पोथी छातीशी धरली. "थांबा ना! राजकन्या नदीत उतरलीय. ती पलीकडे पोचते का, ते कळायला नको?"

राणी खळखळून हसली. "पाठशाळा चालू राहील. आणि ही पोथीही इथेच राहील. ग्रंथपाल, हिला बासनात बांधू नका."

"बासन उरलंय कुठे, महाराणी?" ग्रंथपाल म्हणाले. पोथी केव्हाच लाल झोळीत शिरली होती आणि तिच्या पहिल्याच पानावर मातीचं बोट उमटलं होतं. या वेळी ग्रंथपालांच्या काळजात चर्र झालं नाही.

तात्पर्य: पोथीची खरी राखण कपाट करत नाही, वाचणारं मूल करतं.