परत धाडलेल्या सुईची कहाणी

ऐक शीतळाआई, तुझी कहाणी. बायांनो, हातात अक्षता घ्या, कुजबुज पुरे करा.

आटपाट नगर म्हणतात ना, तसंच एक होतं. तिथं चंद्रा कासारीण राहात होती. बोलणं गोड, हात नाजूक, भरताना एक बांगडी पिचायची नाही. कडेवर लेक मैना. शेजारी तांबटाची सून रेणू, तिची जिवाभावाची.

एके दिवशी टोचणारी नर्सबाई दारी आली. म्हणाली, "बाई बाई, लेकीला गोवराची सुई टोचून घे." चंद्रा म्हणाली, "उद्या जत्रा. पोर तापली तर बांगड्या कोण विकील?" नर्सबाई परत गेली. मग दुसऱ्यांदा आली. चंद्रा म्हणाली, "आज शिळासप्तमी. आज आम्ही चूल पेटवत नाही, अन् तू सुई टोचणार? आई कोपेल." नर्सबाई परत गेली. मग तिसऱ्यांदा आली. चंद्रा फणकारली, "पोर माझी ठणठणीत. नसतं दुखणं विकत कशाला घेऊ?" हसू नका गं, आपल्यातही आहेत अशा.

मग रेणूला नवसानं मुलगा झाला. बाळ सहा महिन्यांचं झालं, उष्टावण ठरलं. रेणू म्हणाली, "चंद्रावहिनी, चुडा तुमच्याच हातचा भरीन हो." त्या सकाळी मैनेला कणकण, डोळे लाल, नाक वाहतंय. चंद्रा म्हणाली, दृष्ट लागली. मीठमोहऱ्या उतरल्या, पोर कडेवर मारली अन् गेली. रेणूला हिरवा चुडा भरला. मैना बाळापाशी बसली, खेळली, त्याच्या तोंडावर शिंकली. बायका कौतुकानं म्हणाल्या, "शतंजीव!"

मग मैनेला गोवर उठला. मग बाळाला उठला. मैना बरी झाली, अंगणात खेळू लागली. बाळाच्या छातीत भरलं. दवाखान्यात नेलं, डॉक्टरांनी शिकस्त केली. बाळ गेलं. रेणूनं दुसरी काकणं चढवली अन् तो हिरवा चुडा उतरवून चंद्राच्या उंबऱ्यावर आणून ठेवला. अन् माघारी फिरली. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

मग चंद्रा देवळात गेली, धाय मोकलून रडली. "आई, तुझ्या दिवशी चूल पेटवली नाही, शिळं खाल्लं, मग असं का केलंस?" आई म्हणाली, "अगं वेडे, मी तीनदा तुझ्या दारी आले. तू तीनदा परत धाडलंस. एवढ्याशा बाळाला ती सुई अजून द्यायची नव्हती. भोवतालची पोरं टोचलेली असती, तर ते राखलं गेलं असतं."

चंद्रानं पाय धरले. "आई, चुकले. तेवढं बाळ परत दे." आईचे डोळे भरले. म्हणाली, "ते आता माझ्याही हाती नाही." "मग मला वसा दे." "उतशील, मातशील." "उतणार नाही, मातणार नाही." "तर ऐक. जिथं बांगड्या भरशील, तिथं लेकरांच्या सुयांचं विचार. कुणाची चुकली असेल, तर हाताला धरून ने."

चंद्रानं वसा घेतला, जन्मभर पाळला. पुढं नगरात गोवर आला नाही. रेणूला लेक झाली, वेळेवर टोचली. पण रेणूनं चंद्राला पुन्हा कधी बांगड्या भरायला बोलावलं नाही. चंद्रा तिच्या दारावरून जाताना "बांगड्या घ्या" ही हाळी बंद करी.

तिला उशिरा उमजलं, तुम्हांआम्हांला वेळेवर उमजो. साठ उत्तरांची कहाणी, पाच उत्तरांत सांगितली, संपूर्ण झाली. सुफळ म्हणायला माझी जीभ रेटत नाही, बायांनो. ती सुफळ तुम्ही घरी जाऊन, लेकरांच्या सुया बघून करा.